पहिला गेमिंग संगणक : हुबळीच्या बाजारात शिरण्यापूर्वी

हुबळीतील भूमरेड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १९४७ पासूनची, तर धारवाडची आयआयटी २०१६ सालची. गोवा, कारवार वा बेळगाव येथून शिक्षणासाठी या जुळ्या शहरांत जाणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापर्यंत स्वतःच्या संगणकाची गरज भासू लागते. दिवसा त्यावर प्रोग्रामिंग आणि आराखडे, रात्री खेळ. तयार लॅपटॉपपेक्षा सुटे भाग निवडून जुळवलेला संगणक त्याच पैशांत अधिक ताकदीचा असतो, शिवाय पुढे एकेक भाग बदलून वाढवता येतो. मात्र घरून मिळणारी पन्नास-साठ हजारांची रक्कम एकदाच मिळते. निवड चुकली तर तिचे ओझे पदवी हाती येईपर्यंत वाहावे लागते. म्हणून कोप्पीकर रस्त्यावरच्या दुकानाची पायरी चढण्याआधीच यादी तयार असावी. ती करताना ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी येथे क्रमाने दिल्या आहेत.

आधी पडदा, मग कार्ड

पहिला प्रश्न प्रोसेसरचा नसून पडद्याचा आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख. प्रत्येक चित्रचौकटीत हे सर्व बिंदू रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे असल्याने पडदा मोठ्या क्षमतेचा घेतला की कार्डावरील भार पावणेदोन पटींहून अधिक वाढतो. मर्यादित खर्चात फुल एचडी हाच शहाणपणाचा पर्याय होय.

पडदा वगळून उरलेल्या रकमेतील प्रत्येक शंभर रुपयांची वाटणी ढोबळमानाने अशी करावी : ग्राफिक्स कार्डाला ३६, प्रोसेसरला १८, मदरबोर्डला १३, रॅमला १२, एसएसडीला ८, एसएमपीएसला ८ आणि कॅबिनेटला ५. रॅमच्या किमती २०२५ च्या अखेरीस विदा केंद्रांच्या मागणीमुळे झपाट्याने चढल्या. त्यामुळे सर्व भागांचे भाव एकाच दिवशी घेऊनच हिशेब मांडावा आणि रॅमला जादा लागणारी रक्कम कॅबिनेटच्या दिव्यांतून काढावी, एसएमपीएसमधून नव्हे.

नाव एक, वस्तू वेगळी

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत नावावर विसंबणे धोक्याचे असते. आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबी स्मृतीसह आले. त्याच नावाची ६ जीबीची आवृत्ती २०२४ मध्ये आली, पण तिची गणनशक्ती आणि स्मृतिमार्ग दोन्ही कमी आहेत. तिचा गुण एवढाच की ती सुमारे ७० वॅटमध्ये चालते व तिला वेगळी वीजजोडणी लागत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मदरबोर्डशी केवळ चार मार्गिकांनी बोलते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसवल्यास त्याची गती लक्षणीय घटते. आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी स्मृती असून ते सुमारे १३२ वॅट वीज घेते. फुल एचडीसाठी ते दीर्घकाळ किफायतशीर मानले गेले आहे. कोणतेही कार्ड घेताना पूर्ण नाव, स्मृती आणि वीजमागणी या तिन्ही गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम

हे तिघे एकमेकांना जुळले पाहिजेत. सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर एएम४ सॉकेटमध्ये बसतो आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलचा आय५ १२४००एफ मदरबोर्डनुसार दोहोंपैकी एक प्रकार स्वीकारतो. एएम४ आज स्वस्त आहे, पण त्याची पुढची वाट संपत आली आहे. एएम५ महाग असले तरी दोन-तीन वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलण्याची सोय त्यात राहते. जुन्या साठ्यातील बी४५० मदरबोर्ड असेल तर नव्या प्रोसेसरसाठी त्याचे बायॉस अद्ययावत केले आहे काय, हे विचारून घ्यावे.

इंटेलच्या नावाअखेरचे ‘एफ’ हे अक्षर दुर्लक्षू नये. अशा प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. कार्डाचे पैसे आज जमत नसतील तर रायझन ५ ५६००जी सारखा अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर चालतात आणि कार्ड पुढे बसवता येते.

रॅम १६ जीबीची असावी आणि ती ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला स्मृतीकडे जाण्याचे दोन मार्ग मिळतात. एकाच पट्टीवर, विशेषतः अंगभूत ग्राफिक्स असताना, खेळ अडखळतात. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी शक्यतो एक टीबीची घ्यावी. आजचे अनेक मोठे खेळ प्रत्येकी शंभर जीबीहून अधिक जागा व्यापतात, त्यामुळे ५०० जीबी लवकर भरते.

न दिसणारा भाग

नवखा ग्राहक सर्वाधिक काटकसर एसएमपीएसवर करतो, कारण तो कॅबिनेटच्या आत दडलेला असतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते. त्यावर विश्वास न ठेवता बाजूचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात. तेथे १६ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच खरे. आरएक्स ६६०० चे १३२ वॅट, रायझन ५ ५६०० चे पूर्ण भारावर सुमारे ७५ आणि इतर भागांचे चाळीस-पन्नास धरले तर मागणी २५० च्या पुढे जाते. असा एसएमपीएस खेळ रंगात आला की संगणक बंद पाडतो, आणि कधी जाताना मदरबोर्ड व कार्डही सोबत नेतो. नामांकित उत्पादकाचा, १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास देणारा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस या जुळणीला पुरेसा आहे. ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेच्या वापरातील कार्यक्षमता सांगते. सुरक्षेची हमी ते देत नाही. म्हणून हमीची वर्षेही पाहावीत.

भाड्याच्या खोलीत अर्थिंग आहे की नाही, हे वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर ती अर्थिंग नसल्याची खूण समजावी. यूपीएस घ्यायचाच तर त्याची मर्यादा ओळखावी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो आणि भर खेळात काही मिनिटेच टिकतो. ती मिनिटे काम जतन करून संगणक बंद करण्यासाठी असतात.

जुना माल घेताना

इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरील उत्खनन सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. अशी कार्डे प्रत्यक्ष खेळ चालवून, किमान अर्धा तास तपासूनच घ्यावीत. आरएक्स ५८० च्या नावापुढे ‘२०४८ एसपी’ असेल तर ते मूळ कार्ड नसून आरएक्स ५७० च्या ताकदीचे आहे. कार्यालयांतून निघालेले जुने संगणकही स्वस्त वाटतात. पण विंडोज १० चा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते, हेही जुना मदरबोर्ड घेण्याआधी पाहावे.

उन्हाळा, धूळ आणि घाट

हुबळीत एप्रिलचे दुपारचे तापमान ३७ अंशांच्या घरात जाते. पंख्याने थंड होणारा भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतील भागही साधारण तितकाच तापतो. म्हणून पुढून काच बंद असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे, पुढे दोन व मागे एक पंखा असलेले कॅबिनेट घ्यावे. धूळ अडवणारी जाळी काढून धुता आली पाहिजे. शिक्षण संपवून संगणक गोव्याला आणल्यावर शत्रू बदलतो : पावसाळ्यातील दमटपणा. त्या दिवसांत यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये.

आणखी एक सूचना प्रवासाची. धारवाड, लोंढा, कॅसलरॉक, कुळे या मार्गाने रेल्वेने येताना वा घाटाच्या रस्त्याने संगणक आणताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात वेगळे ठेवावे. जड कार्ड धक्क्यांनी मदरबोर्डचा स्लॉट मोडू शकते. म्हणून खोकी टाकून देऊ नयेत.

बिल हाच आधार

प्रत्येक भागाचे वेगळे नाव आणि अनुक्रमांक असलेले जीएसटी बिल घ्यावे. ‘असेंबल्ड संगणक’ एवढाच एक शब्द लिहिलेले बिल हमीच्या वेळी उपयोगी पडत नाही. कोणत्या भागाची हमी दुकान सांभाळणार आणि कोणत्याची उत्पादकाचे सेवाकेंद्र, ते केंद्र हुबळीत आहे की गोव्यात, हे पैसे देण्याआधी विचारावे. जुळणी झाल्यावर दुकानातच एखादा जड खेळ अर्धा तास चालवून तापमान पाहावे.

निवडीचे सूत्र एवढेच : कोणताही भाग एकट्याने चांगला वा वाईट नसतो; शेजारच्या भागाला तो किती जुळतो, यावर त्याचे मोल ठरते. महागडे कार्ड आणि दुबळा एसएमपीएस यांच्या जोडीपेक्षा मध्यम कार्ड आणि भक्कम एसएमपीएस यांची जोडी अधिक वर्षे चालते. पहिल्या संगणकाकडून एवढे मिळाले तरी घरच्यांचा पैसा सार्थकी लागला असे समजावे.