सायकल, ट्रक आणि सुरतेची वाट

मोगलकाळात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारी व्यापारी वाट नंदुरबार, थाळनेरवरून, म्हणजे आपल्या खानदेशातून जात असे. बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस जवळपास एकाच चालीने जात. पुढे मोटारी आल्या. धुळे-जळगाव रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६ झाला. २०१० मध्ये क्रमांक बदलून तो ५३ झाला. धुळ्यात तर मुंबई-आग्रा रस्ता बाजारपेठच होऊन बसला. लोकांच्या तोंडी तो आजही ‘आग्रा रोड’च आहे. चाली वेगळ्या झाल्या, वाट मात्र सगळ्यांची एकच राहिली.

१९८९ साली मी पाळधीहून जळगावला कॉलेजात सायकलने जात असे. बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. हिवाळ्यात एकदा मागून कापसाचा ट्रक आला. कापूस फाळक्याबाहेर हातभर फुगलेला. ड्रायव्हरने चाकांचा अंदाज घेतला असेल, कापसाचा नव्हे. हवेने आधी मला कठड्याकडे लोटले, ट्रक पुढे जाताच आत ओढले. ताडपत्रीची दोरी कोपराला चाटून गेली. उरलेला पूल मी सायकल हातात धरून ओलांडला.

घरी अब्बा एवढेच म्हणाले, “बेटा, त्याला तू दिसलाच नसशील.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या मडगार्डला लाल काच बसवून दिली.

अपघात झाला की पंचनामा होतो. थोडक्यात वाचलेल्याचा पंचनामा होत नाही. तो घरी येतो, पाणी पितो आणि सकाळी पुन्हा त्याच पुलावर जातो. रस्त्यांच्या इतिहासात क्रमांक सापडतात, हा माणूस सापडत नाही. नवा रस्ता आखताना सायकलीसाठी दोन हात जागा सोडायची, तर आधी त्याची नोंद हवी. माझी ही घ्या.