पद्मिनीचा पंखा

मामूंचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली. मामानींनी किल्ली हातात ठेवत एवढंच सांगितलं, "बेटा, विकू नकोस. आणि उन्हात जास्त पळवू नकोस, तापते."

गाडी खरंच तापायची. मामूंना तरुणपणी वेगाचं वेड होतं. जुहूच्या धावपट्टीवर पन्नास-साठच्या दशकात मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यांच्या गोष्टी ऐकत ते वाढले. पुढे स्वतःची गाडी आली तेव्हा त्यांनी इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, मोठा कार्ब्युरेटर बसवला. आज पद्मिनीला कुणी 'परफॉर्मन्स कार' म्हटलं तर पोरं हसतील. पण ज्या काळात बाजारात दोन-तीनच गाड्या मिळत होत्या, त्या काळात शर्यतीच्या शौकिनांची गाडी फियाटच होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरही याच गाड्या कापून-घासून, हलक्या करून पळवल्या जात. मामूंची गाडी शर्यतीत कधी उतरली नाही. पण खंडाळ्याचा घाट ती इतरांच्या आधी चढायची, असं ते अभिमानाने सांगत. वर पोचल्यावर बॉनेट उघडून तासभर थांबावं लागायचं, हे मात्र सांगत नसत.

मी ठरवलं, इलेक्ट्रिक पंखा बसवायचा. एका दुकानात गेलो. दोन तासांत मारुतीचा जुना पंखा लागला, डॅशबोर्डखाली एक बटण आलं. आठवडाभर मी खूश होतो. मग एका दुपारी सायनच्या ट्रॅफिकमध्ये काटा लाल रेषेला टेकला, केबिनमध्ये रबर जळल्याचा वास आला आणि बॅटरी बसली. लोकांनी ढकलत गाडी कडेला घेतली. ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने सल्ला दिला, "अँटॉप हिलला घेऊन जा. उस्ताद आहेत तिथे."

अँटॉप हिल हा मुंबईचा असा भाग आहे, जिथे पर्यटक कधी येत नाही. एका बाजूला केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत, दुसरीकडे कोकरी आगार, संगम नगर, बंगालीपुऱ्याच्या दाट वस्त्या, टेकडीवर शेख मिस्री बाबांचा दर्गा. वडाळ्याच्या बाजूला मिठागरं. पुढे ट्रक टर्मिनल आणि आरटीओ. जवळच सायन कोळीवाड्याला फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांची छावणी वसली. ट्रक, टॅक्सी आणि निर्वासित जिथे एकत्र आले, तिथे गॅरेजं उभी राहणारच होती. स्प्रिंगपाटेवाला, रेडिएटरवाला, लेथवाला, बॅटरीवाला, सगळे हाकेच्या अंतरावर.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, पंखा चालू करायला सांगितला आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते उडून बाहेर आलं.

"उल्टा घूम रहा है," ते म्हणाले. तारा उलट्या जोडल्या होत्या. पंखा रेडिएटरच्या मागे होता, त्याने बाहेरची हवा आत ओढायची. तो इंजिनाची गरम हवा बाहेर ढकलत होता. गाडी पळायला लागली की समोरून येणारा वारा आणि हा पंखा एकमेकांशी भांडत. मग त्यांनी करपलेली वायर दाखवली. "मियां, पंखा लगाना आसान है. पंखे का घर बनाना पडता है."

त्या वाक्याचा अर्थ समजायला मला तीन दिवस गॅरेजात बसावं लागलं, आणि नंतर बरंच वाचावं लागलं.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. ती बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःलाच जाळून घेतं. सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून वाफ व्हायचं, चालक सारखं पाणी ओतत राहायचा. यावर नीट तोडगा काढला तो विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या आणि १९०१मध्ये शर्यती गाजवणाऱ्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. हजारो बारीक नळ्या, त्यांतून वाहणारी हवा, आणि गाडी सावकाश चालताना वारा कमी पडू नये म्हणून मागे एक पंखा. म्हणजे हा पंखा जन्मला तोच मुळात वेगाच्या गाडीसाठी. पण त्याचं काम मात्र गाडी थांबल्यावरचं.

नेमकी इथेच गोम आहे. पुढची अनेक दशकं हा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला राहिला. इंजिन जोरात फिरलं की पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. सिग्नलला गाडी उभी असते, वारा शून्य असतो, तेव्हा पंख्याची सर्वात जास्त गरज; आणि तेव्हाच तो सर्वात सुस्त. उलट हायवेवर समोरून भरपूर वारा येत असताना तो विनाकारण भिरभिरतो आणि इंजिनाची ताकद खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला फिरवायला साधारण आठपट ताकद लागते. म्हणून शर्यतीवाले पंख्याची पाती काढूनच ठेवत. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला ती चैन परवडणारी नव्हती. त्याच्या सीटशेजारी पाण्याचा डबा असायचा.

आता या गोष्टीतला मुंबईचा धागा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला, अँटॉप हिलपासून अगदी जवळ. आधी अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाटची नवी ११०० ही गाडी १९५३ साली आली. तिच्यामागचा अभियंता दांते जकोझा. वर्षभरात ती कुर्ल्यात बनू लागली. १९६४पासून तिचं 'डिलाइट' रूप आलं, १९७२ला तिला 'प्रेसिडेंट' म्हणू लागले आणि १९७४ला 'पद्मिनी'. नावं बदलली, १०८९ सीसीचं इंजिन आणि पट्ट्यावरचा पंखा तोच राहिला.

नावाबद्दल एक गंमत सांगायला हवी. राणी पद्मिनीची कथा घराघरांत पोचवली ती सोळाव्या शतकातल्या मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या 'पद्मावत'ने. जायसी अवधमधल्या जायसचे. आणि मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवणाऱ्यांत मोठी संख्या होती ती उत्तर प्रदेशातल्या जौनपूर, प्रतापगड, आझमगढच्या लोकांची. कवीच्या मुलखातली माणसं त्याच्या नायिकेच्या नावाची गाडी हजार मैलांवर चालवत होती. कंपनीच्या मनात हे असण्याचं कारण नाही. इतिहास कधी कधी असा न सांगता जुळतो.

तर इकडे गाडी गोठली होती, तिकडे जकोझा थांबला नव्हता. १९६९ साली त्याच्या हाताखाली फियाट १२८ आली. तिच्यात इंजिन आडवं बसवलेलं होतं. इंजिनाची पुली रेडिएटरकडे तोंड करून नसेल, तर पट्ट्यावरचा पंखा लावायचा कुठे? म्हणून तिथे विजेचा पंखा आला. पाणी ठरावीक तापलं की आपोआप सुरू, थंड झालं की बंद. म्हणजे ज्या माणसाने आमच्या पद्मिनीची मूळ गाडी घडवली, त्यानेच सोळा वर्षांनी तिचं दुखणं सोडवलं होतं. पण ते उत्तर इटलीहून कुर्ल्यापर्यंत आलं नाही.

का आलं नाही? परवाना राज. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, किंमतही सरकार ठरवणार, आणि ग्राहक वर्षानुवर्षं रांगेत उभा. गाडी कशीही असली तरी विकली जाणार असेल, तर पंखा बदलायची घाई कुणाला? कारखान्यातल्या इंजिनिअरांना कळत नव्हतं असं नाही; बदलण्याचं कारणच उरलं नव्हतं.

मग डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. आडवं इंजिन, विजेचा पंखा. काही वर्षांनी ठोकरलेल्या मारुत्या भंगारात येऊ लागल्या, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तो छोटा पंखा गॅरेजांत पोचला. जे कंपनीने केलं नाही, ते मेकॅनिकांनी करायला घेतलं. टॅक्सीवाले फारसे या वाटेला गेले नाहीत. पट्टा तुटला तर रस्त्यात बदलता येतो, मोटर जळली तर धंदा बुडतो, हा त्यांचा हिशेब होता. पण खासगी गाडीवाले, विशेषतः मामूंसारखे इंजिन फुगवलेले शौकीन, येत राहिले.

उस्तादांनी माझ्या गाडीत काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी रेडिएटर उतरवून साफ करून घेतला. "पाणीच फिरत नसेल तर पंखा काय करणार?" मग पाण्याच्या पंपावरची जुनी पाती काढली, पट्टा ठेवला, कारण पंप त्याच्यावरच चालतो. मारुतीचा पंखा रेडिएटरच्या जितका जवळ जाईल तितका नेला आणि भोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतूनच ओढली जाईल. रेडिएटरच्या खालच्या टाकीला पितळी बुश झाळून त्यात तापमानाचा स्विच बसवला. नव्वद अंशांच्या आसपास पंखा आपोआप सुरू.

त्यानंतर वायरिंग. पंखा आठ-दहा अँपिअर खातो, जवळपास दोन्ही हेडलाइटांइतका. एवढा करंट लहानशा बटणातून नेला तर बटण आणि वायर दोन्ही जळणार. माझं तेच झालं होतं. म्हणून मध्ये रिले, बॅटरीपासून जाड वायर, आणि बॅटरीजवळ फ्यूज.

शेवटी त्यांनी डायनॅमोवर बोट ठेवलं. "असली बीमारी ये है." माझ्या गाडीत जुना डायनॅमो होता. इंजिन आयडलवर असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. म्हणजे गाडी सिग्नलला उभी, पंखा पूर्ण जोरात, आणि सगळा भार बॅटरीवर. नंतरच्या पद्मिनींत अल्टरनेटर आला. तो मंद गतीलाही चार्ज करतो. उस्तादांनी मारुतीचाच अल्टरनेटर घेतला, शेजारच्या लेथवाल्याकडून ब्रॅकेट बनवून घेतलं, पट्ट्याची रेष दोरी लावून जुळवली. आता मला 'पंखे का घर' कळलं. एक वस्तू बदलायची तर तिच्यामागची सगळी साखळी बदलावी लागते.

कागदावर एक आकृती नाही. उस्ताद चौथीपर्यंत शिकलेले. बाराव्या वर्षी गॅरेजात पाने पुसायला लागले. त्यांचे उस्तादही असेच.

आपल्याकडे 'मुसलमान आणि विज्ञान' असा विषय निघाला की वक्ते थेट अल्-जझरीपर्यंत जातात. १२०६ साली त्याने यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला, हे मीही भाषणात सांगितलं आहे. पण आठशे वर्षं मागे जाणारे आपण अँटॉप हिलच्या गॅरेजपर्यंत येत नाही. आणि समोरच्या बाजूला 'पंक्चरवाले' ही शिवी तयारच असते. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुस्लिमांत स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे, आणि वाहनदुरुस्ती हा त्यांतला एक ठळक व्यवसाय. शाळा सुटलेल्या, नोकरीच्या दारातून परत आलेल्या मुलांना हा धंदा मिळाला. ही वंचना आहे, तिचं गोडवं गाण्यात अर्थ नाही. पण त्या वंचनेतून जे ज्ञान तयार झालं, त्याला ज्ञानही म्हणायचं नाही, हा दुसरा अन्याय. त्याला आपण 'जुगाड' म्हणतो. आजार शोधणं, कारण पटवणं, भार मोजणं, सुरक्षेची सोय करणं, हे सगळं पदवीवाल्याने केलं तर त्याला इंजिनिअरिंग म्हणतात.

मी उस्तादांना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ते म्हणाले, "जली हुई गाडियों ने."

पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी आठवणी लिहिल्या. गाडीवर लिहिलं गेलं, चालकांवरही थोडं लिहिलं गेलं. ती साठ वर्षं चालती ठेवणाऱ्या हातांवर मला फारसं काही दिसलं नाही. म्हणून हा लेख.

उस्तादांचा नातू आयटीआयला आहे. तो सांगत होता, इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा बॅटरी थंड ठेवायला रेडिएटर आणि पंखा असतो. उस्तादांनी ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, "रिले कहां लगाते हैं उसमें?" नातू वही आणायला घरात गेला.

गेल्या मे महिन्यात मी मामानींना घेऊन खंडाळ्याला जाऊन आलो. घाटात काटा मध्यावर होता. वर पोचल्यावर सवयीने त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी ती पिऊन टाकली.