कार्ब्युरेटर असलेल्या मोटारींमधील इंधन अपव्ययाचे निदान

कार्ब्युरेटर असलेल्या मोटारींमधील इंधन अपव्ययाचे निदान म्हणजे जुन्या पेट्रोल मोटारीचे प्रति लिटर अंतर कशामुळे घटले, हे क्रमाने तपासून ठरवण्याची पद्धत होय. प्रति लिटर अंतराला भारतात बोलीभाषेत ‘ॲव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हणतात. ॲव्हरेज घटले की प्रथम कार्ब्युरेटरवर संशय घेतला जातो. प्रत्यक्षात सदोष मोजमाप, इंधनगळती, घासणारे ब्रेक, चुकलेले प्रज्वलन किंवा झिजलेले इंजिन यांमुळेही हाच परिणाम दिसतो. त्यामुळे कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी उघडणे हे या पद्धतीचे मूलभूत सूत्र मानले जाते.

पार्श्वभूमी

भारतात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक पेट्रोल मोटारींत कार्ब्युरेटर असे. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सने तयार केलेली १,०८९ घनसेंमी इंजिनाची प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसॅडर आणि १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. उत्सर्जनाचे निकष कडक होत गेल्यावर, २००० च्या सुमारास, नव्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण प्रणाली रूढ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा चेहरा बनलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे टॅक्सीसेवेतून बाहेर पडली. कार्ब्युरेटर असलेल्या मोटारी आज मुख्यतः संग्राहकांकडे आणि जुनी गाडी जपणाऱ्या कुटुंबांकडे आढळतात.

इंधन अंतःक्षेपण प्रणालीत संवेदक धुरातील प्राणवायू मोजून पेट्रोलचे प्रमाण सतत दुरुस्त करतात. साध्या कार्ब्युरेटरला अशी प्रतिसादाची सोय नसते. इतरत्र निर्माण झालेला दोष तो भरून काढत नाही आणि दोषाची सूचना देणारा दिवाही नसतो. परिणामी पेट्रोलचा वाढता खर्च हेच बऱ्याचदा बिघाडाचे पहिले लक्षण ठरते.

तत्त्व

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भाग पेट्रोलमागे सुमारे १४.७ भाग हवा लागते. सुमारे १२.५ ते १३ या प्रमाणात इंजिन सर्वाधिक शक्ती देते, तर सुमारे १५ ते १६ या प्रमाणात इंधनाची सर्वाधिक बचत होते. पेट्रोल अधिक असलेल्या मिश्रणाला समृद्ध किंवा ‘रिच’, तर हवा अधिक असलेल्या मिश्रणाला विरळ किंवा ‘लीन’ म्हणतात. समृद्ध मिश्रणातील सर्व पेट्रोल पूर्णपणे जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी तयार होते.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, हवा वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो आणि फ्लोट चेंबरमधील पेट्रोल जेटमधून ओढले जाते. पेट्रोलचे प्रमाण जेटच्या छिद्राचा आकार, फ्लोट चेंबरमधील पातळी आणि गळ्यातील दाब यांवर अवलंबून असते.

मोजमापाची खातरजमा

निदानाची सुरुवात विश्वासार्ह आकड्याने होते. पेट्रोलचा काटा यासाठी पुरेसा अचूक नसतो. टाकी पूर्ण भरून किमान ३०० ते ४०० किलोमीटर गाडी चालवली जाते आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच समतल जागी टाकी पुन्हा पूर्ण भरली जाते. कापलेल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागले असता ॲव्हरेज मिळते. ३३० किलोमीटरनंतर ३० लिटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज ११ येते. एका भरणीत थोडी तफावत राहत असल्याने सलग तीन-चार भरण्यांची सरासरी घेतात.

त्यानंतर अंतरमापक तपासला जातो. मूळ मापापेक्षा मोठ्या परिघाचे टायर बसवले असल्यास चाकाचे फेरे कमी होतात आणि नोंदले जाणारे अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. अंतरमापक पाच टक्के कमी दाखवत असेल, तर प्रत्यक्षात १२ किलोमीटर देणारी गाडी ११.४ देत असल्याचे भासते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी किंवा उपग्रहाधारित दिशादर्शकाशी तुलना केल्यास ही चूक लक्षात येते. तुलनेसाठी कंपनीच्या जाहिरातीतील आकड्यापेक्षा त्याच गाडीची जुनी नोंद अधिक उपयुक्त असते.

इंधनाची घटनाही विचारात घ्यावी लागते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची प्रति लिटर ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते. तेवढी घट हा गाडीचा दोष नव्हे. इथेनॉलच्या ज्वलनाला हवा कमी लागत असल्याने मूळ जेटमधून मिळणारे मिश्रणही काहीसे विरळ ठरते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलमुळे फुगू किंवा चिरू शकतात.

गळती

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखालील डाग, पेट्रोलचा वास आणि नळ्यांच्या जोडांवरील ओल ही बाह्य गळतीची लक्षणे आहेत. यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्यास गळती बाहेर दिसेलच असे नाही, कारण अनेक इंजिनांत हे पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणे आणि त्याला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण होय. पातळ झालेल्या ऑइलमुळे बेअरिंगची झीज होते. बाहेरील गळतीतून आग लागण्याचा धोका असतो. त्यामुळे गळती आढळल्यास ती दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवली जात नाही.

फिरत्या भागांचा रोध

टायरमधील हवेचा दाब गाडी थंड असताना तपासला जातो. ब्रेकच्या तपासणीसाठी शक्यतो ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून चारही चाकांच्या ड्रमची उष्णता ताडून पाहतात. एखादा ड्रम इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असल्यास त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसण्याची शक्यता असते. अडकलेला व्हील सिलिंडर किंवा हँडब्रेकची ताठर केबल ही त्याची नेहमीची कारणे आहेत. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवल्यास खात्री होते. चाकांचे अलाइनमेंट बिघडले असल्यास टायरची एक कड लवकर झिजते आणि इंधनही अधिक लागते.

प्रज्वलन

स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग ज्वलनाची माहिती देतो:

• फिकट तपकिरी किंवा करडा – सामान्य ज्वलन
• कोरडी काळी काजळी – समृद्ध मिश्रण किंवा अशक्त ठिणगी
• ओला, तेलकट काळा थर – इंजिनात ऑइल जळत असणे
• पांढरा, फोड आल्यासारखा पृष्ठभाग – विरळ मिश्रण किंवा अतिउष्णता

काजळी केवळ मिश्रणामुळेच येते असे नाही. जुना कंडेन्सर, तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप किंवा झिजलेले पॉइंट यांमुळे ठिणगी अशक्त होते आणि योग्य मिश्रणही अर्धवट जळते. अशा वेळी जेट बदलल्यास मूळ दोष कायम राहून त्यात दुसऱ्याची भर पडते.

पॉइंटची टाच झिजली की त्यांतील अंतर कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. उशिराच्या ठिणगीने दाबाचा मोठा भाग पिस्टनला ढकलण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर जातो. म्हणून प्रथम पॉइंटचे अंतर आणि त्यानंतर टायमिंग जुळवले जाते.

दुर्लक्षित राहणारा एक दोष व्हॅक्यूम ॲडव्हान्स यंत्रणेत असतो. ॲक्सिलरेटर थोडाच दाबून संथ गतीने जाताना सिलिंडरमधील मिश्रण कमी घनतेचे असते आणि सावकाश जळते. त्यासाठी ठिणगी अधिक लवकर पडावी लागते. ही यंत्रणा मॅनिफोल्डकडील किंवा कार्ब्युरेटरमधील निर्वाताच्या साहाय्याने ते काम करते. तिचा पडदा फाटला तरी गाडी सुरू होते आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर व्यवस्थित ओढते, मात्र संथ प्रवासात पेट्रोल अधिक लागते. नळीतून हवा ओढली असता डिस्ट्रिब्युटरमधील तबकडी सरकते का आणि ओढ टिकते का, यावरून पडद्याची स्थिती कळते.

इंजिनाची स्थिती

सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून आकड्यांची परस्पर तुलना केली जाते. एखाद्या सिलिंडरचा आकडा लक्षणीय कमी असल्यास त्यात थोडे ऑइल टाकून चाचणी पुन्हा घेतात. आकडा वाढल्यास पिस्टन रिंग झिजल्या असल्याचे, तर न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळत असल्याचे अनुमान निघते. टॅपेटमधील अंतर कमी असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. समुद्रसपाटीजवळ सुस्थितीतील इंजिन आयडलिंगवर साधारण ४३ ते ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतका स्थिर निर्वात दाखवते.

उष्ण प्रदेशांत इंजिन तापू नये म्हणून काही गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोलचे बाष्पीभवन अपुरे होते आणि लहान अंतराच्या प्रवासात ॲव्हरेज घटते.

कार्ब्युरेटरची तपासणी

वरील बाबी निर्दोष आढळल्यावर कार्ब्युरेटर तपासला जातो. इंजिन गरम झाल्यावर चोकची पाकळी पूर्ण उघडी असणे आवश्यक असते. अडकलेल्या केबलमुळे ती किंचित आडवी राहिली तरी मिश्रण समृद्ध होते. तुंबलेल्या एअर फिल्टरचा परिणाम फ्लोट चेंबरच्या श्वासमार्गावर अवलंबून असतो. हा मार्ग बाहेर उघडणारा असल्यास मिश्रण समृद्ध होते. तो फिल्टरच्या आतील बाजूस असल्यास परिणाम बराच कमी राहतो.

निडल व्हॉल्व्ह झिजल्यास किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाल्यास चेंबरमधील पातळी वाढते. इंजिन बंद केल्यावर मुख्य नळीतून गळ्यात थेंब पडत राहणे हे त्याचे लक्षण होय. काढलेला पोकळ पितळी फ्लोट हलवल्यावर आत द्रव डुचमळल्यास त्याला छिद्र असल्याचे निश्चित होते.

जेट तारेने साफ करण्याची सवय विशेष हानिकारक आहे. छिद्रातून जाणारे पेट्रोल त्याच्या क्षेत्रफळानुसार बदलते. १.२० मिलिमीटरचे छिद्र घासून १.२६ मिलिमीटर झाले, तर व्यास केवळ ५ टक्के, पण क्षेत्रफळ सुमारे १० टक्के वाढते. त्यामुळे जेट द्रावकाने आणि दाबाच्या हवेने साफ केले जातात.

प्रदूषण नियंत्रण तपासणीत, म्हणजे पीयूसीत, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण आयडलिंगवर मोजतात. त्या वेळी पेट्रोल मुख्यतः आयडल मार्गातून येते, मुख्य जेटमधून नव्हे. त्यामुळे पीयूसी उत्तीर्ण झालेल्या गाडीचा मुख्य जेटही निर्दोष असतो, असा निष्कर्ष काढता येत नाही.

उंचीचा परिणाम

उंचीवर हवा विरळ होते, परंतु पेट्रोलचा पुरवठा त्याच प्रमाणात घटत नाही. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. तेथे मुंबईत जुळवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण सुमारे ६ टक्क्यांनी समृद्ध होते. घाटात दिसणारी काजळी म्हणूनच दरवेळी बिघाडाची खूण नसते.

दुरुस्ती आणि मर्यादा

एका वेळी एकच बदल करून पुन्हा टाकीभर ॲव्हरेज मोजले जाते. अनेक बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. मूळ मापापेक्षा लहान जेट बसवून ॲव्हरेज वाढवण्याचा प्रयत्न धोक्याचा ठरू शकतो. अतिविरळ मिश्रणामुळे इंजिन धक्के देते, चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि अपेक्षित बचत होत नाही. भाराखाली अतिउष्णता किंवा नॉकिंग होऊन व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळण्याची शक्यता असते. म्हणून सर्व भाग निर्मात्याने ठरवलेल्या मापावर परत आणणे हे या निदानाचे उद्दिष्ट असते.

हे सुद्धा पहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• कार्ब्युरेटर
• स्पार्क प्लग
• प्रीमियर पद्मिनी