चारुलता

सत्यजित राय दिग्दर्शित बंगाली कृष्णधवल चित्रपट (१९६४). रवींद्रनाथ टागोर यांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेवर आधारित. पटकथा व संगीत राय यांचे; निर्माते आर. डी. बन्सल, छायालेखक सुब्रत मित्र, कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त, संकलक दुलाल दत्त.

कथानक : काळ १८८० च्या आसपासचा, स्थळ कलकत्ता. सुखवस्तू भूपती ‘सेंटिनेल’ हे इंग्रजी राजकीय वृत्तपत्र चालवण्यात गढलेला असतो. पत्नी चारूला करमत नाही हे ध्यानात आल्यावर तो तिचा भाऊ उमापद व भावजय मंदा यांना घरी आणतो. पुढे भूपतीचा आतेभाऊ अमल येतो. चारूच्या लेखनाला उत्तेजन द्यायला भूपतीच त्याला सांगतो आणि त्या सहवासात चारू अमलमध्ये गुंतत जाते. उमापद वृत्तपत्राचे पैसे लाटतो. दादाचा आणखी एक विश्वासघात नको म्हणून अमल घर सोडतो.

भूमिका : माधवी मुखर्जी (चारू), सौमित्र चटर्जी (अमल), शैलेन मुखर्जी (भूपती), श्यामल घोषाल (उमापद), गीताली राय (मंदा).

दृश्यरचना : वाड्याचा अंतर्भाग चंद्रगुप्तांनी स्टुडिओत उभारला. सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’पासून वापरलेली परावर्तित प्रकाशाची पद्धत येथे परिपक्व झालेली दिसते, झडपांच्या खिडक्यांतून येणारा दिवसाचा उजेड कृत्रिम आहे, हे ओळखू येत नाही. आरंभीच्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीतच. चारू रुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरते, पुस्तक चाळते आणि दांडीची छोटी दुर्बीण घेऊन एकेका खिडकीतून रस्ता न्याहाळते. पुस्तकात डोके घातलेला भूपती तिच्या अगदी जवळून जातो. त्याचे तिच्याकडे लक्षच नसते. मग तीच दुर्बीण ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे वळवते. या संसारातले अंतर इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी पडद्यावर मांडले असेल. बागेतील झोपाळ्याच्या प्रसंगात काही वेळ कॅमेरा झोपाळ्याबरोबरच हलतो. त्यामुळे चारूचा चेहरा स्थिर राहतो आणि मागची बाग हेलकावते.

संगीत : टागोरांच्या रचनांचा वापर. अमलचे एक गाणे किशोरकुमार यांनी गायले आहे.

मूळ कथा व चित्रपट : कथेच्या शेवटी भूपती म्हैसूरला निघतो, चारूला बरोबर नेण्याबाबत तो आधी कचरतो आणि नंतर तयार झाल्यावर तीच नकार देते. चित्रपटात दोघांचे पुढे आलेले हात भेटण्याआधीच चित्रचौकट गोठते. या व इतर बदलांवर अशोक रुद्र यांनी टीका केली. राय यांनी लेख लिहून प्रत्येक बदलामागची कारणे दिली. साहित्यकृतीच्या माध्यमांतराच्या अभ्यासात हा लेख महत्त्वाचा आहे. कथेचा संबंध टागोरांच्या वहिनी कादंबरीदेवी यांच्याशी अनेकदा जोडला जातो. त्याविषयी मतभेद आहेत.

सन्मान : १९६४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपती सुवर्णपदक, बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल (१९६५).