आधी या, भाषा आम्ही शिकवू : मॉस्कोतलं एक शून्य वर्ष

विद्यापीठात शिकायचं तर तिथली भाषा आधी यायला हवी, हे आपण गृहीत धरतो. मॉस्कोतल्या एका विद्यापीठाने हा क्रम उलटा केला. आज त्या प्रयोगाकडे बघू.

साल १९६०. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. डॉक्टर, इंजिनिअर, शेतीतज्ज्ञ यांची वानवा होती. त्याच वर्षी सोव्हिएत सरकारने मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन केलं. १९६१मध्ये काँगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली आणि विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतून मुलं आली. त्यांत आपले भारतीयही होते. बहुतेकांना रशियन येत नव्हतं, आणि शिकायचं तर होतं रशियनमधूनच.

मग उपाय काय? पूर्वतयारीचं एक वर्ष. त्या विभागाला बोलीत ‘पोदफाक’ म्हणत. कल्पना अगदीच नवी नव्हती. क्रांतीनंतर, १९१९पासून, शाळा अर्धवट राहिलेल्या कामगार-शेतकऱ्यांना विद्यापीठासाठी तयार करणारे ‘राबफाक’ निघाले होते. तिथे उणीव शालेय शिक्षणाची होती, इथे भाषेची. दोन्हीकडे तत्त्व एकच : उणीव असेल तर दार बंद करायचं नाही, पायरी बांधायची.

ही पायरी चढणं सोपं नव्हतं बरं का! लिपी तेहेतीस अक्षरांची. त्यातली काही फसवी : इंग्रजी ‘पी’सारखं दिसणारं अक्षर वाचायचं ‘र’, ‘एच’सारखं दिसणारं ‘न’. मग सहा विभक्ती. इथे मराठी माणूस जरा सुखावतो. आपण पुणे, पुण्यात, पुण्याहून म्हणतो. ते मस्क्वा, व् मस्क्वे, इज मस्क्वी म्हणतात. आपलं तो-ती-ते, त्यांचं ओन-अना-अनो. लिंगं तीनच! पण ‘जाणे’ या क्रियापदापाशी आपलीही दांडी उडते. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं; एकदा एका दिशेने जाणं वेगळं, रोज जाऊन-येऊन करणं वेगळं.

एवढं करून भागत नसे. पुढे गणित, भौतिकी, रसायन यांची भाषा शिकायची, कारण बाजारात भाजी घेता आली म्हणजे वर्गातलं व्याख्यान समजतं असं नाही. शिवाय शिकणाऱ्या सगळ्यांना येणारी अशी एक भाषा नव्हती. त्यामुळे रशियन रशियनमधूनच शिकवण्यावर भर आला. परदेशी माणसाला रशियन कशी शिकवावी, हे तिथे एक स्वतंत्र शास्त्रच होत गेलं. १९६५मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली.

यात राजकारण होतं का? होतंच. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत सत्तेला जगभर मित्र हवे होते. आणि भाषा आली म्हणून सगळं सुरळीत झालं, असंही नाही. डिसेंबर १९६३मध्ये घानाच्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर आफ्रिकी विद्यार्थ्यांनी थेट लाल चौकात मोर्चा काढला. वंशभेदाची तक्रार होती. शब्दकोशातली मैत्री आणि रस्त्यावरची मैत्री यांत अंतर होतं.

तरीही एक गोष्ट उरते. मायदेशी ज्याचं इंग्रजी किंवा फ्रेंच चांगलं, तो पुढे. साहेबाच्या भाषेने लावलेली ही उतरंड. मॉस्कोत मात्र मंत्र्याचा मुलगा असो की शेतकऱ्याची मुलगी, सुरुवात पहिल्या अक्षरापासूनच. आणि वर्षभराचा खर्च विद्यापीठाच्या माथी.

आता आपल्याकडे बघा. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलगी मेडिकलला जाते आणि पहिल्याच दिवशी शरीरशास्त्र इंग्रजीतून सुरू होतं. नापास झाली तर आपण म्हणतो, तिचं इंग्रजी कच्चं. तिला ते वर्ष कुणी दिलं होतं का, हे आपण विचारत नाही. भाषेचं अंतर कुणी कापायचं, शिकणाऱ्याने की शिकवणाऱ्या संस्थेने? लुमुंबा विद्यापीठाचं बाकी सगळं बाजूला ठेवलं, तरी या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर आपण विचारात घ्यावं, असं मला वाटतं.