उन्हाची चाकरी

भाजी वाळवायचे विजेचे यंत्र बाजारात मिळते हे कळल्यापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. माझा पक्ष इतिहासाचा. अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगरच्या, माणसाला ऊन विकणे म्हणजे कोकण्याला पाऊस विकणे!

अकोल्याचा डोंगरपट्टा सोडला, तर आमचा बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत. पाऊस सह्याद्रीशीच सगळे बोलून घेतो. आम्हांला उरते ऊन. १८७६-७८ साली आणि १९७२ साली पावसाने दगा दिला, आणि उरलेसुरले याच उन्हाने करपवले. पण आमच्या आज्या मोठ्या मुत्सद्दी. शत्रूलाच त्यांनी चाकरीला ठेवले! हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायचा, वाळवून गाडग्यात भरायचा. उन्हाळ्यात मळा ओस पडला की तीच सुकी भाजी भाकरीबरोबर. पालेभाजीत शंभरातले नव्वद भाग पाणीच. ते गेले की बुरशी उपाशी मरते आणि घर जगते.

यंत्राचा पक्षही अगदीच पोकळ नाही. श्रावणात परसातली गवार बहरते, आणि नेमके तेव्हाच ऊन दांडी मारते. घ्यायचेच तर पंखा आणि तापमानाचे बटण असलेले, सुट्या जाळ्या धुता येतील असे घ्यावे. साठ अंशांच्या आसपास भाजी वाळते. फार पुढे गेलात तर करपते.

तेव्हा तह असा: पावसाळ्यात यंत्र, उन्हाळ्यात अंगणातली खाट. यंत्राचे बिल दरमहा येईल. सूर्याने मात्र निजामशाहीपासून एकही पाठवलेले नाही. त्याची वसुली तो दुष्काळात एकदम करतो.