नभोवाणीवरील ख्रिस्तवाणी आणि आपल्या जिल्ह्यातील भाषा



यवतमाळच्या जुन्या मंडळींना येथील बिब्लिकल सेमिनरी आठवत असेल. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली येथे स्थापन झाली आणि 1983 साली पुण्यास गेली. तीस वर्षे देशाच्या नाना प्रांतांतील विद्यार्थी येथे येऊन इंग्रजीतून धर्मशास्त्र शिकत होते. त्याच काळात केळापूर, मारेगाव, झरीकडच्या डोंगरउतारांवरील पोडांत कोलामी बोलणारी माणसे राहत होती, आजही राहतात. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याची भाषा शहरास ठाऊक नाही, अशा माणसापर्यंत धर्माचा शब्द न्यावयाचा कसा, हा मिशनऱ्यांपुढील जुनाच प्रश्न. त्याला नभोवाणीने काय उत्तर दिले, तेवढेच आज पाहू.

मराठीपुरते बोलावयाचे तर हा शब्द कानावाटेच आला. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, ते ओवीत, म्हणजे म्हणण्याऐकण्यासाठीच. कॅरीचा मराठी नवा करार 1811 चा. पण गावोगावच्या ख्रिस्ती माणसाच्या ओठी बसली ती नारायण वामन टिळकांची भजने. कृष्णराव सांगळ्यांनी तर कीर्तनच ख्रिस्ती केले. टाळमृदंग आपलाच होता, म्हणून ऐकणारा बसून राही.

1931 च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनची नभोवाणी सुरू झाली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी दक्षिण अमेरिकेत कीटो येथून प्रॉटेस्टंट मिशनची. आशियासाठी मनिला येथील केंद्र 4 जून 1948 रोजी बोलू लागले. पुढच्याच महिन्यात, 16 जुलैला, आपले नागपूर आकाशवाणी केंद्र उघडले. योगायोगच म्हणायचा! मात्र नागपुरात मिशनला रोजचे प्रवचन करता येण्याजोगे नव्हते. 1885 च्या तारायंत्र कायद्यापासून असा अधिकार सरकारकडे राहिला, आणि खाजगी एफ. एम. केंद्रे निघाली तेव्हाही धार्मिक संस्थांना परवाना नाकारण्यात आला. म्हणून हा आवाज समुद्रापलीकडून यावयाचा. 1952 साली केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि घरोघरचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. बिनाका गीतमालेसाठी सिलोन लावणाऱ्याच्या कानी दुसऱ्या एखाद्या वेळी बायबलवरील प्रवचनही पडे.

बाहेरून येणारा म्हणूनच तो आवाज संशयासही पात्र ठरला. यवतमाळ 1956 पर्यंत मध्यप्रदेशात होते. त्या सरकारने 1954 साली नागपूरचे माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करविली. 1956 च्या अहवालाने परकी पैसा आणि आदिवासींचे धर्मांतर यांवर कडक ताशेरे ओढले. ख्रिस्ती मंडळींनी ते एकांगी म्हणून नाकारले. या वादात मी न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. एवढे मात्र म्हणेन की ज्याच्याविषयी दोन्ही बाजू भांडत होत्या, त्या माणसाचे स्वतःचे म्हणणे कागदावर फार थोडे उतरले.

1970 साली सेशेल्स बेटांवरून 'फेबा' संस्थेचे प्रक्षेपण सुरू झाले. तेथे जमीन अपुरी म्हणून आकाशतारांचे खांब चक्क समुद्रातील प्रवाळाच्या खडकावर रोवले होते. तेथून यवतमाळ साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर. पण लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून संध्याकाळी साध्या ट्रान्झिस्टरवरही त्या धरता येत. वीज नसलेल्या वस्तीत दोन-चार सेलांवर भागे. अंतराचा प्रश्न यंत्राने सोडविला, यात शंका नाही.

राहिला भाषेचा. आणि येथे एक गंमत आहे. आपले कोण ऐकते, हे ही केंद्रे येणाऱ्या पत्रांवरून ठरवीत. पत्र कोण लिही? ज्याला अक्षर येते तो. निरक्षरासाठी काढलेल्या कार्यक्रमाची मोजदाद साक्षराच्या हाती गेली! मराठी, तेलुगू, हिंदी यांची टपाल येत असेल. पण कोलामाने कोणत्या लिपीत आणि कोणाला लिहावयाचे? कोलामी ही द्राविडी बोली. एमेनो या अमेरिकेतील पंडिताचा तिच्यावरील ग्रंथ 1955 साली निघाला, आणि आपले सेतुमाधवराव पगडी यांनी त्याआधीच तिचे व्याकरण लिहिले होते. पोडातील बाईला मराठी समजते, पण ती बाजारची मराठी. भाव करावयाची, कचेरीत मान डोलवावयाची. लेकराला निजवताना ती त्या भाषेत बोलत नाही.

अशा बोलींसाठी जॉय रिडरहॉफ या बाईंनी 1939 साली लॉस एंजेलिसला दुसरी वाट काढली. दुभाष्याने एकेक वाक्य सांगावे, त्या भाषेच्या माणसाने ते आपल्या तोंडाने म्हणावे, आणि मग तुकडे जोडून तबकडी करावी. ती हाताने फिरविण्याच्या यंत्रावर वाजे. मिशनऱ्याला स्वतःला ती भाषा यावी लागत नसे. सोय मोठी, पण धोकाही तसाच. दुभाषा चुकला तर कोणाला कळणार?

नभोवाणी या लहान भाषांकडे उशिरा वळली. नंदुरबारकडील मावची आणि वसावी या बोलींत ट्रान्स वर्ल्ड रेडिओच्या भारतीय शाखेचे लघुलहरींवरील कार्यक्रम गेल्या काही दशकांत ऐकू येऊ लागले. तोवर लघुलहरींचा काळच सरत आला होता. सेशेल्सचे प्रक्षेपण 2003 च्या मार्चमध्ये बंद झाले. आता अशी भाषणे नि गाणी मोबाइलमधील मेमरी कार्डावर भरून दिली जातात. लहर धरण्यासाठी संध्याकाळची वाट पाहावी लागत नाही, आणि पत्रही कोणी मागत नाही.